घोट्यावरचा व्रण आणि रक्तातील श्वेतपेशी

पायाच्या आतल्या अंगास, घोट्याच्या हाडापासून चार बोटे वर जी जागा आहे, ती मानवी त्वचेच्या साऱ्या विस्तारात सर्वांत दुर्दैवी म्हणावी लागेल. शरीरावर अन्यत्र झालेली किरकोळ जखम आठ-पंधरा दिवसांत खपली धरून भरून येते. परंतु ज्याच्या पायाच्या नीला वर्षानुवर्षे फुगलेल्या आहेत अशा मनुष्यास याच जागी पलंगाच्या खुराची ठोकर लागली किंवा डास चावल्यावर नखाचा ओरखडा उमटला, की तिथे उघडलेली जखम महिनोन्महिने, आणि क्वचित वर्षे, ओलीच राहते. ती अवचित उपटलेली नसते. तिच्या पुष्कळ आधीपासून संध्याकाळच्या वेळी घोट्याभोवती मोज्याच्या रबराची खाच खोल उमटू लागलेली असते. नडगीवर अंगठा दाबून उचलला तर तिथे खळगा पडतो आणि तो फार सावकाश भरून येतो. पुढे त्वचेवर तपकिरी आणि मग काळपट डाग पसरतात, खाज सुटते, इसब धरते. आणि सरतेशेवटी कातडे व त्याखालची चरबी आक्रसून अशी एकजीव होतात, की ते कातडे चिमटीत धरू म्हटले तरी धरता येत नाही. वर फुगीर पोटरी आणि खाली आवळलेला घोटा, असा तो पाय दुरूनही ओळखू येतो.

या विकाराचा खुलासा आपल्याकडे सर्रास असा केला जातो, की पायात रक्त साचते, साचलेले रक्त नासते आणि नासलेले रक्त कातडी फोडून वाट काढते. घराघरांतून चालत आलेल्या या समजुतीस हसण्याचे कारण नाही. कारण विसाव्या शतकाचा निम्म्याहून अधिक काळ पाश्चात्त्य वैद्यकातील जाणत्या शल्यचिकित्सकांचेही मत, भाषा शास्त्रीय असली तरी, तत्त्वतः याहून फारसे निराळे नव्हते. ते मत टिकले नाही, आणि ते का टिकले नाही याची हकीकत मला या रोगाच्या साऱ्या इतिहासात सर्वाधिक उद्बोधक वाटते. कारण त्या शोधाच्या अंती नासाडीचा मुख्य ठपका ज्यांच्यावर आला, त्या शरीराच्या रक्षणासाठीच निर्माण झालेल्या आणि रक्तातून अहोरात्र संचार करणाऱ्या श्वेतपेशी होत्या.

हे समजण्यास प्रथम पायातील रक्ताच्या परतीच्या प्रवासाची अडचण ध्यानात घेतली पाहिजे. हृदयातून निघालेले रक्त रोहिण्यांतून पावलापर्यंत पोचते ते हृदयाच्या ठोक्याच्या जोरावर. पण केशवाहिन्यांचे जाळे ओलांडून ते नीलांत येईतो तो जोर बहुतेक सरलेला असतो, आणि त्यापुढे त्यास सुमारे सव्वा मीटर उंची चढून जायचे असते. निश्चल उभ्या असलेल्या प्रौढ मनुष्याच्या घोट्यापाशी नीलेतील दाब पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटरपर्यंत भरतो. हृदयापासून घोट्यापर्यंत उभ्या असलेल्या रक्तस्तंभाचे ते वजन होय. हा भार हलका करण्याची निसर्गाची तजवीज दुहेरी आहे. चालताना पोटरीचे स्नायू आवळले की खोल नीला पिळल्या जाऊन त्यांतील रक्त वर ढकलले जाते, आणि नीलांच्या आत ठिकठिकाणी असलेल्या दुपाखी झडपा ते खाली परतू देत नाहीत. इटलीतील पदुआ येथील शरीरशास्त्रज्ञ फाब्रिसियस याने १६०३ साली या झडपांचे सचित्र वर्णन प्रसिद्ध केले. पण त्यांचे खरे प्रयोजन उमगले ते त्याच्या शिष्यास, विल्यम हार्वी यास. दंडावर पट्टा आवळून हाताची शीर फुगवावी, खालच्या टोकाशी ती एका बोटाने दाबून धरावी आणि दुसऱ्या बोटाने तिच्यातील रक्त वर निपटून काढावे, म्हणजे झडपेच्या पलीकडचे रक्त त्या रिकाम्या भागात काही केल्या उतरत नाही. हा हार्वीने १६२८ च्या ग्रंथात चित्रांसह दिलेला प्रयोग आजही कोणासही स्वतःच्या हातावर करून पाहता येईल. निरोगी पायात दहा-बारा पावले टाकताच घोट्यापाशी दाब ३० मिलिमीटरच्या खाली येतो. झडपा निकामी झालेल्या पायात मनुष्य कितीही चालला तरी तो पुरता उतरत नाही, आणि जितका तो चढा राहतो तितका व्रणाचा संभव वाढतो.

झडपा निकामी होण्यास आनुवंशिकता, वाढते वय, स्थूलता, वारंवारची बाळंतपणे, खोल नीलेत पूर्वी कधी धरलेली रक्ताची गुठळी, अशी अनेक कारणे होतात. आणि त्यांत उभ्याने करावयाच्या धंद्यांची भर पडते. यंत्रमागाजवळ पाळीभर उभा राहणारा विणकर, चौकातला वाहतूक पोलीस, भट्टीपुढचा आचारी, फळ्यापुढचा शिक्षक, यांच्या पोटऱ्यांवरून नागमोडी वळणे घेत उतरलेल्या निळ्या शिरा आपण नित्य पाहतो आणि हे वयाचेच देणे म्हणून सोडून देतो, याचा मला खेद वाटतो.

चढा दाब आणि व्रण यांचे नाते कोणीच नाकारीत नव्हते. वाद होता तो मधल्या दुव्याविषयी. दाब ही पदार्थविज्ञानातली गोष्ट आहे, आणि सुजलेले, डागाळलेले, अखेर झडून गेलेले कातडे ही जीवविज्ञानातली. एकीतून दुसरी कशी उपजते याचे उत्तर १९१७ साली अमेरिकेतील बॉस्टनचे शल्यचिकित्सक जॉन होमन्स यांनी दिले ते असे, की फुगलेल्या नीलांत रक्त स्तब्ध राहते, स्तब्ध रक्तातील प्राणवायू सरतो आणि प्राणवायूवाचून त्वचा गुदमरते. उत्तर सुटसुटीत होते आणि डोळ्यांना दिसणाऱ्या लक्षणांशी जुळणारे होते. परंतु बारा वर्षांनी, १९२९ मध्ये, आल्फ्रेड ब्लेलॉक या तरुण शल्यचिकित्सकाने, म्हणजे जन्मतः निळसर असणाऱ्या बालकांवरील हृदयशस्त्रक्रियेमुळे पुढे जे जगद्विख्यात झाले त्यांनीच, फुगलेल्या नीलांतील रक्त काढून त्यातील प्राणवायू प्रत्यक्ष मोजला, तेव्हा तो निरोगी पायातील रक्ताच्या मानाने कमी तर भरला नाहीच, उलट अधिक भरला. एका मोजमापाने सिद्धांताचा आधारच काढून घेतला होता. असे असूनही होमन्स यांचे मत पाठ्यपुस्तकांतून पुढे कित्येक वर्षे निर्वेधपणे चालत राहिले, आणि ब्लेलॉक यांचा आकडा दप्तरात बांधून ठेवल्यासारखा पडून राहिला. जे मत ऐकताक्षणी पटते त्याची फेरतपासणी करण्याची निकड कोणास भासत नाही, याहून त्याचे निराळे कारण मला दिसत नाही.

यानंतरचा मोठा प्रयत्न लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात झाला. नॉर्मन ब्राउझ आणि केव्हिन बर्नांड यांनी अशा त्वचेचे सूक्ष्म छेद तपासले, तेव्हा केशवाहिन्यांभोवती फायब्रिनचे, म्हणजे रक्त गोठताना ज्याचे तंतू बनतात त्या प्रथिनाचे, कडे बसलेले त्यांना आढळले. १९८२ साली त्यांनी असे प्रतिपादन केले, की चढ्या दाबामुळे केशवाहिन्यांच्या भिंतींतील फटी रुंदावतात, त्यांतून फायब्रिनचे पूर्वद्रव्य बाहेर झिरपते, बाहेर गोठते, आणि त्या कड्यामुळे प्राणवायू पेशींपर्यंत पोचत नाही. म्हणजे रक्तात प्राणवायू भरपूर असला तरी त्वचा त्याला पारखी होते. ब्लेलॉक यांचे मोजमाप आणि त्वचेचा नाश या दोहोंची सांगड घालणारी ही विचक्षण कल्पना होती. तीही पुढे डळमळली. फायब्रिनच्या जाळ्यात बहुतांश पाणीच असते आणि प्राणवायूसारखा छोटा रेणू त्यातून सहज पार होऊ शकतो, असे हिशेबाअंती दिसून आले. आणि फायब्रिन विरघळविण्यास साहाय्य करणारे औषध दिले असता व्रण काही लवकर भरला नाही. कडे होते हे खरे, परंतु ते रोगाचे कारण नसून त्याची खूण असावी, असे मानण्याकडे कल झुकू लागला.

येथे श्वेतपेशींची गाठ घ्यावी लागते. रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये सुमारे ५० लाख तांबड्या पेशी असतात, तर श्वेतपेशी अवघ्या ४ ते ११ हजार. संख्येने इतक्या थोड्या असूनही रक्तप्रवाहात त्यांची अडचण मोठी होते. कारण तांबडी पेशी केंद्रकाविना असल्यामुळे चिंचोळ्या केशवाहिनीत शिरताना क्षणात दुमडते, आणि श्वेतपेशी, विशेषतः जिला न्यूट्रोफिल म्हणतात ती, आतील केंद्रकामुळे व दाट पेशीद्रवामुळे आपला आकार बदलण्यास तांबड्या पेशीच्या सुमारे हजार पट वेळ घेते. हृदयाचा रेटा भरपूर असेल तेव्हा ती ढकलली जाते. रेटा मंदावला की ती रेंगाळते. नदीला ओढ कमी असली की काडीकचरा मधला प्रवाह सोडून काठाला लागतो, तशा श्वेतपेशी मंद रक्तप्रवाहात वाहिनीच्या भिंतीकडे सरकतात.

मात्र काडीकचरा काठाला नुसता टेकतो. श्वेतपेशी पुढे जे करतात ते बर्लिनमध्ये विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांच्या हाताखाली काम करणाऱ्या यूलिउस कोनहाइम यांनी १८६७ साली बेडकाच्या आतड्याचे पारदर्शक आवरण काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. हवेच्या स्पर्शाने ते आवरण चेतले, वाहिन्या रुंदावल्या, प्रवाह प्रथम वेगावला आणि मग मंदावला; मग हळूहळू श्वेतपेशी भिंतीच्या आतल्या कडेने अशा लागून राहिल्या, की जणू अस्तरच लावले; आणि पुष्कळ वेळ नजर न हलवता पाहणाऱ्या कोनहाइमना भिंतीच्या बाहेरील बाजूस बारीक फुगवटा आलेला दिसला, तो वाढला, देठाने भिंतीशी जोडलेला राहिला, देठ तुटला, आणि सबंध पेशी वाहिनीच्या बाहेर मोकळी झाली. दाह म्हणतात तो हाच. त्याची लाली, ऊब, सूज आणि वेदना ही चार लक्षणे रोमन ग्रंथकार सेल्सस याने नोंदली होती, आणि आपल्या सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात व्रणशोफाच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा तीन अवस्था ओळखण्याची चिन्हे मोठ्या बारकाईने सांगितली आहेत. परंतु त्या लक्षणांच्या आत चालणारी पेशींची ये-जा प्रथम जगापुढे नीट मांडली ती कोनहाइम यांनी. ही ये-जा जखमेत शिरलेल्या जंतूंसाठी असते असा समज, श्वेतपेशी जंतूंस गिळतात हे दाखविणाऱ्या मेचनिकॉफ यांच्या संशोधनापासून रूढ झाला. जिथे जंतू नाहीत, केवळ दाब चढला आहे, तिथेही हाच व्यवहार चालू होईल अशी शंका फारशी कोणास आली नव्हती.

ती शंका इंग्लंडमध्ये १९८७ आणि १९८८ या दोन वर्षांत झालेल्या साध्या प्रयोगांतून उपजली. मनुष्यास पाय खाली सोडून बसवावे, घोट्याजवळच्या नीलेतून काही वेळाच्या अंतराने रक्त घ्यावे आणि त्यातील तांबड्या व श्वेत पेशींचे परस्पर प्रमाण पाहावे, एवढाच तो प्रयोग. पायात जितक्या श्वेतपेशी जातात तितक्या परत येत नाहीत, असे निरोगी मनुष्यातही दिसले. ज्यांच्या नीलांचा दाब चढा होता त्यांच्यात ही तूट लक्षणीयरीत्या मोठी होती. आणि पाय आडवे केल्यावर निरोगी मनुष्याच्या अडकलेल्या पेशी बऱ्याच अंशी सुटून परत आल्या, रुग्णांच्या तितक्या आल्या नाहीत. त्याच सुमारास लंडनमधील फिलिप कोलरिज स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पायांच्या त्वचेवर सूक्ष्मदर्शक धरून वाहत्या केशवाहिन्यांची वेटोळी मोजली, तेव्हा पाय खाली सोडून ठेवल्यावर रुग्णांत त्यांची संख्या घटत गेलेली दिसली. १९८८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी नवे अनुमान मांडले: पायातील दाब चढला की केशवाहिन्यांत श्वेतपेशी अडकतात, त्या तिथे चेतून विनाशक द्रव्ये सोडतात, आणि त्वचेचा नाश हा त्या द्रव्यांचा परिणाम आहे.

या अनुमानाचा पहिला अर्धा भाग, म्हणजे श्वेतपेशी बुचासारख्या अडकून वाहिन्या बंद पाडतात ही कल्पना, पुढे बाजूस पडली. दुसरा अर्धा भाग उत्तरोत्तर पक्का होत गेला. आज असे मानले जाते, की सुरुवात वाहिनीच्या अस्तरापासून होते. प्रत्येक रक्तवाहिनीस आतून एकेरी पेशींचे अस्तर असते आणि त्या पेशींवर शर्करायुक्त रेणूंचा एक मऊ थर पसरलेला असतो. रक्त एका दिशेने, नियमित गतीने वाहत असेल तेव्हा त्या प्रवाहाचे घर्षणच अस्तरास शांत ठेवते. अस्तरपेशी नायट्रिक ऑक्साइड निर्माण करतात, वाहिनी सैल राहते, आणि श्वेतपेशींस धरण्यासाठी लागणारे रेणू त्या थराखाली झाकलेले राहतात. झडपा गळू लागल्या की हे सारे पालटते. प्रवाह मंदावतो, मागे फिरतो, भोवरे घेतो. भिंत चढ्या दाबाने ताणली जाते. मऊ थर विरळ होतो आणि अस्तरपेशी आपल्या पृष्ठभागावर सिलेक्टिन नावाचे रेणू उभारतात. जवळून जाणारी न्यूट्रोफिल त्यांना अडखळते आणि भिंतीवरून गडगडत पुढे जाऊ लागते. त्या गडगडण्यातच तिला अस्तराकडून रासायनिक संदेश मिळतात, तिच्या अंगावरील इंटेग्रिन नावाचे रेणू जागे होतात, आणि अस्तराच्या दुसऱ्या प्रकारच्या रेणूंशी त्यांची घट्ट गाठ बसली की पेशी जागच्या जागी थांबते, पसरट होते आणि दोन अस्तरपेशींच्या फटीतून बाहेर पडते. रुग्णांस केवळ अर्धा तास उभे करून पायाच्या नीलेतील रक्त तपासले असता, या गाठभेटीच्या खुणा म्हणून रक्तात सुटलेले रेणू वाढलेले सापडले. वर्षानुवर्षे रोज दहा-दहा तास उभ्या राहणाऱ्या पायात काय होत असेल याची कल्पना यावरून करावी.

बाहेर पडलेल्या न्यूट्रोफिलचे आयुष्य फार थोडे असते, पण तिच्यापाशी इलास्टेजसारखी प्रथिने फाडणारी विकरे भरलेली असतात, चेतल्यावर ती प्राणवायूचे दाहक मूलकणही तयार करते, आणि जंतू असोत वा नसोत, ही सारी द्रव्ये ती बाहेर टाकते. तिच्या मागोमाग मोनोसाइट नावाच्या श्वेतपेशी येतात, ऊतींत मुक्काम ठोकतात आणि महाभक्षक पेशी बनतात. टणक झालेल्या त्वचेचे छेद पाहिले असता त्यांची आणि लिंफोसाइट पेशींची गर्दी अधिक आढळते. दरम्यान ताणलेल्या केशवाहिन्यांतून तांबड्या पेशीही बाहेर निसटतात. महाभक्षक पेशी त्यांस गिळतात आणि त्यांतील लोह त्वचेत साठत जाते; घोट्यावरील तपकिरी डाग म्हणजे या लोहाचाच साठा. लोह नुसते रंगापुरते असते तर चिंता नव्हती, परंतु मोकळे लोह दाहक मूलकणांच्या निर्मितीस चालना देते आणि ज्या पेशींनी ते गिळले त्यांस शांत होऊ देत नाही. त्यातच या पेशी वाढीस चालना देणारे एक द्रव्य सोडतात, जे ट्रान्सफॉर्मिंग ग्रोथ फॅक्टर बीटा या नावाने ओळखले जाते. त्याच्या आज्ञेने तंतुपेशी कोलॅजनचे थर रचीत जातात, आणि कातडे व चरबी आक्रसून टणक होतात. अशा त्वचेला फट पडली की दुरुस्तीसाठी नवी ऊती धरू लागते, पण श्वेतपेशींची विकरे ती धरता-धरताच विरघळवीत असतात. म्हणून जखम भरत नाही. तिच्या तळाशी रोज बांधकाम चालते आणि रोज ते पाडले जाते.

याहूनही मर्मभेदक शोध १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात लागला, आणि तो त्वचेविषयी नव्हता. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील जॉन बर्गन आणि गीर्ट श्मिड-श्योनबाइन यांच्या गटाने शस्त्रक्रियेने काढलेल्या फुगीर नीला तपासल्या, तेव्हा त्यांच्या भिंतींत आणि खुद्द झडपांच्या पाळ्यांत मोनोसाइट शिरलेल्या सापडल्या. पुढे या गटाने उंदरांच्या मांडीतील रोहिणी व नीला एकमेकींस जोडून नीलेतील दाब कृत्रिम रीतीने चढविला, तेव्हा काही आठवड्यांत झडपांत श्वेतपेशी घुसल्या, पाळ्या आखूड झाल्या आणि त्या गळू लागल्या. झडप प्रथम बिघडते आणि मग दाब चढतो, अशीच आजवर समजूत होती. आता असे दिसले, की चढलेला दाब दाह उपजवितो आणि दाह चांगल्या झडपाही कुरतडून टाकतो. एक झडप गळाली की तिच्या खालच्या झडपेवर भार पडतो, तिथे दाह, मग तिचे गळणे, आणि असे करीत विकार पोटरीभर पसरतो. फुगलेल्या शिरा म्हणजे केवळ सौंदर्याची हानी, त्यांकडे दुर्लक्ष केले तरी चालते, ही समजूत या शोधाने निराधार ठरविली आहे, आणि ती आपल्या समाजातून जितक्या लवकर हद्दपार होईल तितके बरे.

आता उपचारांकडे पाहिले तर जखमेच्या पृष्ठभागावर आपण जो खर्च करतो त्यातला किती वाया जातो हे ध्यानात येते. ओली जखम दिसली की जंतुनाशक मलम, मलमाने भागले नाही की प्रतिजैविकाच्या गोळ्या, त्या बदलून दुसऱ्या गोळ्या, असा क्रम कित्येक घरांतून वर्षानुवर्षे चालतो. जखमेवर जंतू असतातच, सर्वच उघड्या जखमांवर ते असतात. परंतु सभोवतालच्या त्वचेत त्यांचा खराखुरा शिरकाव होऊन ताप व पसरती लाली आल्यावाचून प्रतिजैविकांचा काही उपयोग नाही, कारण तिथला दाह जंतूंनी पेटविलेला नसून दाबाने पेटविलेला आहे. उतरवायला हवा तो दाब. रात्री पाय हृदयाहून उंच ठेवून झोपणे, दिवसा चालत राहणे, आणि घोट्यापाशी सुमारे ४० मिलिमीटर दाब देणारी, वर गुडघ्याकडे सैल होत जाणारी पट्टी बांधणे, हा उपचार दिसण्यास अगदी साधा आणि परिणामात सर्वांत भरवशाचा आहे. उभ्याने राहणे पायाच्या व्रणास अपायकारक आहे हे ग्रीकांच्या हिपोक्रॅटीय ग्रंथांतही सांगितले आहे, आणि इंग्रज शल्यचिकित्सक रिचर्ड वाइजमन याने १६७६ साली दोरीने आवळायचा चामडी मोजा वर्णिला आहे. श्वेतपेशींचे नावही ठाऊक नसताना त्यांनी अचूक जागी हात घातला होता. एक सावधगिरी मात्र अत्यावश्यक आहे. मधुमेह असलेल्या, धूम्रपान करणाऱ्या किंवा वृद्ध मनुष्याच्या पायाच्या रोहिण्याच चोंदलेल्या असू शकतात, आणि अशा पायावर घट्ट पट्टी बांधली तर उरलासुरला रक्तपुरवठाही तुटतो; म्हणून घोट्यावरचा रोहिणीचा दाब दंडावरील दाबाशी ताडून पाहिल्यावाचून कोणीही, विशेषतः शेजाऱ्याच्या सल्ल्यावरून, पट्टी आवळू नये.

पट्टी दाबास तात्पुरता आळा घालते. गळकी नीला बंद करून टाकणे हा त्यापुढचा उपाय आहे. २००४ साली ब्रिटनमधील ५०० रुग्णांच्या अभ्यासात असे आढळले, की पट्टीबरोबर शस्त्रक्रिया केल्याने व्रण लवकर भरत नसला तरी वर्षभरात तो पुन्हा फुटण्याचे प्रमाण शेकडा २८ वरून १२ वर येते. पुढे नीलेच्या आतूनच उष्णतेने किंवा औषधी फेसाने ती बंद करण्याच्या पद्धती आल्या, आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पुन्हा ब्रिटनमधल्याच, ४५० रुग्णांच्या अभ्यासात ही क्रिया पहिल्या दोन आठवड्यांत केली असता व्रण भरण्याचा मध्यम काळ ८२ दिवसांवरून ५६ दिवसांवर आला. व्रण आधी भरू द्या आणि शिरेचे मग पाहू, असे जे पूर्वी सांगितले जाई, त्याच्या नेमके उलट हे आहे. दाहाचे मूळ जिथे आहे तिथे आधी हात घालण्याचा लाभ या आकड्यांत स्पष्ट दिसतो.

राहता राहिला प्रश्न असा, की श्वेतपेशींनाच औषधाने आवर का घालू नये? त्या दिशेने अल्प यश आले आहे. पेंटॉक्सिफायलीन हे औषध श्वेतपेशींचे चेतणे काही अंशी दाबते, आणि पट्टीच्या जोडीला ते दिले असता व्रण भरण्यास मदत होते असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसले आहे. संत्र्या-मोसंबीच्या वर्गातील फळांत आढळणाऱ्या फ्लॅव्होनॉइड द्रव्यांपासून केलेल्या गोळ्या सूज, जडपणा आणि गोळे येणे कमी करतात. याहून जोरकस आघात श्वेतपेशींवर करता येत नाही, कारण जखम साफ करून ती बुजविण्याचे कामही त्याच करतात. महाभक्षक पेशी एका अवस्थेत मोडतोड करणारी असते आणि दुसऱ्या अवस्थेत दुरुस्ती करणारी. निरोगी जखमेत ती काही दिवसांत पहिली अवस्था सोडून दुसरीत जाते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन संशोधनात असे निष्पन्न झाले, की घोट्यावरच्या जुनाट व्रणातील महाभक्षक पेशी लोहाने भरलेल्या असल्यामुळे पहिल्याच अवस्थेत अडकून पडतात. त्यांस त्या अवस्थेतून सोडविण्याची युक्ती आज प्रयोगशाळांतून शोधली जात आहे. दरम्यान एवढे सिद्ध झालेले आहे, की व्रणावर नेटाने बांधलेली पट्टी चार आठवडे ठेवून मग व्रणाच्या कडेची ऊती तपासली, तर तिच्यातील दाहक द्रव्ये आणि ऊती फाडणारी विकरे उतरलेली सापडतात, आणि ज्यांचा व्रण अधिक वेगाने भरत असतो त्यांच्यात ही उतरण अधिक ठळक दिसते.